शेजाऱ्याचा कापूस वेचायचा आहे. इर्जिक (गावाने मिळून बिनमजुरीने करून द्यायचे काम) कशी लावावी?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
बैलगाडी उलटून आमच्या शेजारच्या दादांच्या मांडीचे हाड मोडले असून, शस्त्रक्रियेनंतर काही महिने त्यांना वावरात जाता येणार नाही. पाच एकर पराटी (कपाशी) फुटून पांढरी झाली आहे आणि घरी वहिनी, थकलेली सासू व शाळकरी मुले एवढीच माणसे आहेत. गावातील काही घरे वेचणीला तयार आहेत; मात्र वहिनींना ओशाळल्यासारखे होऊ नये आणि हिशेबावरून कुणाच्या मनात किंतू राहू नये, यासाठी काय करावे?

उत्तर (आर्वी, जि. वर्धा)
इर्जिक अवश्य लावा, पण कोणता तुकडा आधी वेचायचा हे वहिनींनाच ठरवू द्या. वेचणी दव सुकल्यावरच सुरू करावी, कारण ओला कापूस गंजीत तापून पिवळा पडतो; शिवाय सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असल्यास भाव कापला जातो आणि 12 टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. कवडी (किडका, डागाळलेला) कापूस वेगळ्या ओटीत ठेवावा.

उत्तर (मंगरूळपीर, जि. वाशिम)
ज्यांच्याकडे स्वतःचे वावर आहे त्यांनी श्रम द्यावेत, परंतु ज्या बायांचे वर्ष याच वेचणीच्या मजुरीवर निघते त्यांना फुकट बोलावू नये. घरटी पट्टी काढून त्यांना किलोमागे चालू दराने पैसे द्यावेत, वजन वहिनींसमोर व्हावे आणि ते मुलांपैकी कुणीतरी वहीत लिहावे. माल विकताना सोय म्हणून दुसऱ्याचा सातबारा लावू नका. ज्याच्या नावावर नोंदणी, त्याच्याच आधार जोडलेल्या खात्यात पैसे येतात.

उत्तर (चांदूर रेल्वे, जि. अमरावती)
उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा. तिची मर्यादा प्रति कुटुंब वर्षाला 5 लाख रुपये आहे. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतील 2 लाखांची आशा मात्र त्यांना दाखवू नका. ते अनुदान मृत्यू किंवा ठरावीक अपंगत्वासाठी आहे, जुळून येणाऱ्या हाडासाठी नाही, आणि अशा वेळी खोट्या आशेने मारलेल्या तालुक्याच्या चकरा फार जिव्हारी लागतात.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. वहिनींनी धुऱ्यालगतचा (बांधालगतचा) तुकडा आधी वेचायला सांगितला आहे. त्यांची अट एकच आहे: तुरीच्या सोंगणीला त्या वेचणीस आलेल्या प्रत्येक घरी एक दिवस येतील आणि त्या दिवसाची मजुरी घेणार नाहीत. आम्ही ती मान्य केली.