यकृताचा अँजिओसार्कोमा: व्हिनाइल क्लोराइडची १ पीपीएमची मर्यादा पाळली म्हणजे झालं का?

कामगारवैद्य:
रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा हा दुर्मिळ कॅन्सर. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातले रुग्ण उजेडात आले आणि व्हिनाइल क्लोराइडची (ज्यापासून पीव्हीसी प्लास्टिक बनतं तो वायू) हवेतली मर्यादा ५०० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) आठ तासांच्या सरासरीने १ पीपीएमवर आली. तरी माझं म्हणणं, सरासरीवर विसंबू नका. तेव्हा सर्वाधिक झळ बसली ती रिॲक्टरमध्ये, म्हणजे पीव्हीसी बनवायच्या बंद टाकीत, उतरून भिंतीची पपडी खरवडणाऱ्यांना.

मोजमाप:
हवा मोजणं माझं काम, आणि मला हे पटत नाही. आता पपडी उच्च दाबाच्या पाण्याने निघते, माणूस आत उतरतो तो क्वचितच. मर्यादा कडक झाल्यानंतर कामाला लागलेल्यांत हा आजार जवळजवळ दिसलेलाच नाही.

कामगारवैद्य:
क्वचित उतरतो, तेवढ्याचंच गणित करा. १५ मिनिटं २० पीपीएम, उरलेली ४६५ मिनिटं ०.२ पीपीएम. सरासरी ०.८२. कागदावर सगळं ठीक!

मोजमाप:
कागदावरही ठीक नाही. १५ मिनिटांची वेगळी मर्यादा ५ पीपीएम आहे, ती इथे चौपट ओलांडली गेली. म्हणजे नियम पुरेसा आहे, चुकतं ते नमुना घेणं. झाकण उघडतानाचा नमुना वेगळा घ्या, तोही कामगाराच्या नाकाजवळ. वायू शोषणाऱ्या कोळशाच्या दोन नळ्या एकापुढे एक जोडा. दुसरीत बराच वायू सापडला तर पहिली भरून वाहिली. ते मोजमाप रद्द करा.

स्लाइडवाला:
गाठीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहतो, म्हणून सांगतो, एक विसरताय. यकृतातल्या बहुतेक अँजिओसार्कोमांचं कारण सापडतच नाही. शिवाय आर्सेनिक आहे, पूर्वी एक्स-रे तपासणीत टोचलं जाणारं किरणोत्सारी द्रव्य थोरोट्रास्ट आहे. सीडी३१ आणि ईआरजी या प्रथिनांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तर गाठ रक्तवाहिनीची एवढंच कळतं, रसायन कळत नाही. प्रत्येक रुग्ण कारखान्याच्या माथी मारू नका.

कामगारवैद्य:
मान्य, म्हणूनच विचारपूस नीट हवी. आजार उगवायला अनेकदा २० ते ३० वर्षं लागतात, तोवर माणूस निवृत्त झालेला असतो. "सध्या काय करता?" हा प्रश्न इथे कुचकामी. पहिल्या नोकरीपासून विचारा, रिॲक्टर साफ केला का तेही विचारा. "वास तर कधी आला नाही" या उत्तरावर थांबू नका. वास जाणवतो तो साधारण ३,००० पीपीएमला.

स्लाइडवाला:
हे लिहून आलं तर आम्हालाही मदत होते. आणि तपासणीचा तुकडा काढायला गाठीत सुई घालण्याआधी सांगा, या गाठी भयंकर रक्तस्राव करतात.