मदत हवी आहे: गूगलच्या रिसर्चचा इम्पॅक्ट मोजताना डीपमाइंड कसं धरायचं?

लायब्ररी सायन्सच्या डेझर्टेशनसाठी २०१२ ते २०२३ मधल्या गूगलच्या पेपर्सचा सायटेशन इम्पॅक्ट (इतर पेपर्सनी त्यांचा किती संदर्भ घेतला ते) काढतेय. स्कोपस या सायटेशन डेटाबेसचं सबस्क्रिप्शन आमच्याकडे नाही म्हणून ओपनअ‍ॅलेक्स हा मोफत डेटाबेस घेतलाय, पायथॉनने डेटा काढता येतो तेवढं जमतं. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपर्सना सरासरी मिळणारी सायटेशन्स) कामाचा नाही कारण यांचं महत्त्वाचं बरंच काम कॉन्फरन्समध्ये येतं, आणि एच-इंडेक्समध्ये (निदान h सायटेशन्स मिळालेले h पेपर) नुसती जास्त पेपर छापणारी कंपनी पुढे दिसते, म्हणून फील्ड आणि वर्षानुसार नॉर्मलाइज केलेली (त्याच फील्डच्या, त्याच वर्षाच्या सरासरीशी तुलना केलेली) सायटेशन्स घ्यायची ठरवलीयेत. अर्काइव्ह (arXiv, प्रीप्रिंटची साइट) आणि कॉन्फरन्सच्या डबल नोंदी टायटल जुळवून, उरलेल्या हाताने काढल्या.

अडकलेय ते पेपरवर लेखकांच्या नावाशी छापलेल्या संस्थेच्या पत्त्यांवर. डीपमाइंड ही लंडनची एआय लॅब २०१४ ला गूगलने घेतली पण पेपरवर नाव कधी गूगल डीपमाइंड तर कधी नुसतं डीपमाइंड असं येत राहिलं, मग २०२३ ला गूगलच्याच ब्रेन या एआय टीमबरोबर एकत्र होऊन अधिकृतपणे गूगल डीपमाइंड झालं. वेगळं ठेवलं तर गूगल उगाच लहान दिसते, आणि सगळं एकत्र केलं तर २०१४ च्या आधीचं कामही गूगलच्या नावावर जातं, जे मला पटत नाही. शिवाय २०१७ चा ट्रान्सफॉर्मरचा पेपर बघा, आठ लेखकांपैकी एकाचा पत्ता टोरांटो युनिव्हर्सिटीचा, पण तळटीप म्हणते काम गूगल ब्रेनमध्ये असताना केलं. हजारो पेपर्सच्या तळटीपा वाचणं शक्य नाही, आणि पेटंटमधली सायटेशन्स या कामात घेत नाहीये.

तर फ्रॅक्शनल काउंटिंग (एका पेपरचं श्रेय लेखकांच्या संस्थांमध्ये वाटून मोजणं) करताना छापलेला पत्ताच प्रमाण मानायचा का, आणि विकत घेतलेल्या लॅबचे पेपर कोणत्या तारखेपासून मूळ कंपनीत धरायचे, करार झाला तेव्हापासून की पत्त्यात नाव बदललं तेव्हापासून?