गॅन्डाल्फचा वेष आणि त्याचं बंधन
गॅन्डाल्फ म्हणजे टोल्किनच्या 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबऱ्यांतला म्हातारा जादूगार. त्याच्यावरून इतरांनी बेतलेले नकली गॅन्डाल्फ फिके वाटतात कारण त्या लेखकांची कल्पनाशक्तीच तोकडी, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. हे लेखक टोल्किनवरून उचलतात, टोल्किन थेट मुळातून उचलत होता. 'गॅन्डाल्फ' हे नाव 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्यातल्या बुटक्यांच्या यादीत आहे. अर्थ साधारण 'काठीवाला एल्फ'. 'हॉबिट'च्या सुरुवातीच्या खर्ड्यात ते बुटक्यांच्या म्होरक्याला दिलेलं होतं, जादूगाराचं नाव होतं ब्लाडोर्थिन! पुढे ते जादूगाराकडे आलं. काठी, रुंद काठाची टोपी, भटकंती हा सगळा वेष ओडिनचा, म्हणजे नॉर्स पुराणांतल्या मुख्य देवाचा.

पण ओडिन आपल्याच वीरांना दगा देतो. व्होल्सुंग घराण्याच्या सागात, म्हणजे जुन्या नॉर्स वीरकथेत, झाडाच्या खोडात तलवार खुपसतो तोच, ती त्या घराण्यातल्या सिगमुंड या वीराला मिळते, आणि शेवटच्या लढाईत भाला आडवा धरून ती मोडतो तोही ओडिनच. टोल्किनने वेष ठेवला, दगा काढला आणि त्या जागी बंधन घातलं: खलनायक सौरॉनच्या बळाला बळाने उत्तर द्यायचं नाही. म्हणून तर गॅन्डाल्फला माणसांची, हॉबिटांची (टोल्किनच्या ठेंगण्या, साध्यासुध्या लोकांची) मनं वळवत फिरावं लागतं. नकलांमध्ये दाढी येते, काठी येते, नेमकं हे बंधन गळतं. मग कुठलीही अडचण मंत्राने सुटू शकते, आणि नायकाला काही काम उरावं म्हणून लेखकाला म्हाताऱ्याला मध्येच मारावं लागतं.