सायकलवर कॅमेरा नेमका कुठे लावता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्याहून ताम्हिणी घाटात सायकलने जातो, त्या राईडचे व्हिडिओ काढायला छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा घेतलाय. सध्या हँडलबारवर क्लॅम्पने लावतो. चांगल्या डांबरावर चित्र झकास येतं, पण रस्ता खडबडीत झाला की अख्खी फ्रेम जेलीसारखी थरथरते. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून बारीक कंपनं अशी दिसतात, एवढं समजलंय. स्टॅबिलायझेशन (हादरे कमी करणारी सोय) चालूच असतं. तरी दाट झाडीत उजेड कमी झाला की शटर मंदावतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम जास्त वेळ टिपली जाते, आणि फ्रेम स्थिर असूनही कडेची पानं, दगड पुसट होतात. सेकंदाला ६० फ्रेम ठेवून शटर १/२४० सेकंदावर लॉक करून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढू द्यावा का? चित्रात दाणे आले तर चालतील, पुसटपणा नको.

छातीचा पट्टा कोणी वापरलाय का? अंग बरेच झटके शोषून घेतं, हे पटतं. पण रोड बाईकवर खाली वाकलं की नुसतं पुढचं चाक आणि गुडघेच दिसतील, नाही का? हेल्मेटवर मात्र लावणार नाही. पडलो तर तो टणक तुकडा डोक्यावर नको, यावर मी ठाम आहे.

आणखी एक. पावसात वॉटरप्रूफ केसच्या काचेवर आतून वाफ धरते. सिलिका जेलची पुडी टाकून खरंच फरक पडतो का? घाटातला पाऊस आणि धबधबे नीट टिपायची फार इच्छा आहे. अनुभव असेल त्यांनी माउंटचा फोटो टाकला तर फार मदत होईल.