स्मार्ट मीटरचं रीडिंग दूरून जातं, मग संमती कोणाची? खातेदाराची की घरात राहणाऱ्याची?

खिडकीपाशी:
नमस्कार, जरा लांबलचक लिहितोय पण वाचा प्लीज. आम्ही भाड्याने राहतो, वीज कनेक्शन घरमालकांच्या नावावर, बिल आम्ही भरतो. पाच महिन्यांपूर्वी जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवला, बसवणारा म्हणाला आता रीडिंगला कोणी येणार नाही, आपोआप जाईल, मी म्हटलं बरंच झालं. गेल्या आठवड्यात मालक भेटले आणि बोलता बोलता म्हणाले, "हल्ली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असता वाटतं, आणि मधे चार दिवस घर बंद होतं ना?" मला कळेना यांना कसं कळलं. मग त्यांनीच मोबाईल काढून ॲप दाखवलं. अर्ध्या अर्ध्या तासाचा ग्राफ, त्यात आमचं उठणं, झोपणं, बाहेरगावी जाणं सगळं दिसतंय.

माणूस वाईट नाही, सहजच बोलले. पण बायको रात्री जागते कारण बाळ तीन महिन्यांचं आहे, आणि त्या दिवसापासून तिला रात्री लाईट लावतानासुद्धा अवघडल्यासारखं होतंय. कंपनीला फोन केला तर म्हणे "खातेदाराने संमती दिलेली आहे". खातेदार मालक, पण राहतो आम्ही ना! बिलासाठी रीडिंग जायला माझी काहीच हरकत नाही, पण त्यासाठी अर्ध्या तासाचे आकडे लागतात का? नाही म्हणता येतं का?

तांब्याची तार:
मी मीटर टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितोय. मीटरमध्ये काय साठतं आणि मीटरमधून बाहेर काय जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मार्ट मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांचा वापर स्वतःच्या मेमरीत ठेवतच असतो. ब्रिटनच्या मीटरमध्ये अर्ध्या तासाचे आकडे १३ महिने साठवायची सोय असते. ते आकडे मीटरमध्येच पडून राहिले तर कोणाला काही कळत नाही, मोबाईल नेटवर्कवरून किंवा रेडिओवरून सर्व्हरला उचलले की मग ते कंपनीच्या हातात, आणि तिथून ॲपमध्ये. साधा एकच दर असेल तर बिलाला महिन्याचा एक आकडा पुरतो. वेळेप्रमाणे दर बदलणारा प्लॅन घेतला असेल तर मात्र कोणत्या वेळी किती वापर झाला हे लागणारच, तिथे इलाज नाही. म्हणून पहिल्यांदा प्लॅन कोणता आहे ते बघा.

सरळरेषा:
मला यात एवढं घाबरण्यासारखं वाटत नाही. आपला मोबाईल याच्या दसपट माहिती देतो. आणि मी वितरणाच्या बाजूला काम करतो, दूरून रीडिंग नव्हतं तेव्हा घर बंद म्हणून सरासरी बिल, मग ते दुरुस्त करायला लोकांचे हेलपाटे, हे रोज बघितलंय. ट्रान्सफॉर्मरवर लोड किती येतो, व्होल्टेज कुठे पडतं, कुठली लाईन गेली हे आता तक्रार यायच्या आधी समजतं, त्याची किंमत कमी समजू नका.

पानगळ:
@सरळरेषा मोबाईल मी घरी ठेवून जाऊ शकते, मीटर बंद ठेवून घरात राहता येत नाही, फरक तिथे आहे. आणि ट्रान्सफॉर्मरसाठी त्याच्यावरच्या सगळ्या घरांची बेरीज चालते ना, अमुक घरात रात्री दोनला कोण जागं आहे हे कशाला हवं?

ही भीती आजची नाहीये. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जॉर्ज हार्ट नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवलं की घराबाहेरच्या एकाच जागी वीज मोजून आत फ्रिज सुरू झाला की हीटर हे ओळखता येतं, कारण प्रत्येक उपकरण चालू-बंद होताना विजेचा वापर ठराविक उडी मारतो. आणि त्यानेच १९८९ मध्ये यातून घरावर पाळत ठेवता येईल असा इशारा देणारा लेख लिहिला. जर्मनीत २०११ मध्ये तर दोन-दोन सेकंदांच्या रीडिंगवरून टीव्हीवर कोणता सिनेमा चालू आहे ते ओळखून दाखवलं होतं. अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून सिनेमा नाही कळणार, पण घरात माणूस आहे की नाही हे कळतं आणि ते पुरेसं आहे.

ब्रिटनमध्ये स्मार्ट मीटर आणताना पायऱ्या केल्या होत्या, महिन्याचं रीडिंग बिलासाठी न विचारता, रोजचं घेणार पण ग्राहक नको म्हणू शकतो, आणि अर्ध्या तासाचं ग्राहकाने स्वतःहून हो म्हटलं तरच. नेदरलँड्समध्ये मीटर सक्तीचा करणारं विधेयक २००९ मध्ये तिथल्या सिनेटने याच कारणाने अडवलं, मग मीटर नाकारायची किंवा बसवून दूरचं रीडिंग बंद ठेवायची मुभा दिली. अमेरिकेत नेपरव्हिल शहराविरुद्धच्या खटल्यात २०१८ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की सरकारी वीजसेवेने १५ मिनिटांचे आकडे गोळा करणं म्हणजे घराची झडतीच आहे. (निकाल शहराच्या बाजूने लागला, कारण ते आकडे गुन्हा शोधायला वापरत नव्हते, पण झडती हा शब्द कोर्टाने वापरला.) भारतात वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीत दिवसातून किमान एकदा दूरून रीडिंग घ्यायचं आणि आकडे ग्राहकाला दाखवायचे असं आहे.

सरळरेषा:
बेरजेचा मुद्दा मान्य. आमच्याकडेही लोडचा रिपोर्ट ट्रान्सफॉर्मरवारच बघतात, एकेका घराचा ग्राफ कोणी उघडून बसत नाही. पण उघडता येतो हे खरं आहे.

तांब्याची तार:
भाडेकरूचा प्रश्न राहूनच गेला. ब्रिटनच्या व्यवस्थेत घरात नवीन माणूस राहायला आला की आधीच्या माणसाचे मीटरमधले जुने आकडे त्याला दिसू नयेत म्हणून ते झाकायची कमांड आहे. म्हणजे आकडे राहणाऱ्याचे असतात हे तिथे व्यवस्था आखणाऱ्यांनीच धरलंय. तुमच्याकडे वीज कनेक्शनवर नाव मालकांचं असलं तरी तुम्ही भाडेकराराची प्रत जोडून लेखी विचारा. रीडिंग किती वेळाने उचलता, कशासाठी, किती दिवस ठेवता, आणखी कोणाला देता. फोनवर विचारू नका, फोनवरचं उत्तर नंतर कोणी कबूल करत नाही. आणि ती संमती कधी, कोणत्या स्क्रीनवर घेतली तेही विचारा, ॲप सुरू करताना आधीच टिक केलेला चौकोन असेल तर मी तरी त्याला संमती म्हणणार नाही.

खिडकीपाशी:
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. प्लॅन साधाच निघाला, एकच दर. मग मालकांकडे गेलो, बाळामुळे रात्री जागरण होतं हे सांगितलं तर ते स्वतःच ओशाळले, म्हणाले अरे मला वाटलं तुम्ही काळजीत आहात की काय. ॲपमध्ये टिक केल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. काल माझ्यासमोर बसून त्यांनी रीडिंग दिवसातून एकदाच उचलावं असा अर्ज केला आणि बिलाचा मेसेज माझ्या नंबरवर वळवला. ॲपसुद्धा काढून टाकलं, मी सांगितलं नव्हतं. पण सर्व्हरवर गेलेल्या पाच महिन्यांच्या ग्राफचं काय?

पानगळ:
ते वेगळ्या पत्रात मागा, एकाच अर्जात दोन मागण्या केल्या की एकीचं उत्तर येतं आणि दुसरी बाजूला पडते. बिल झालेल्या महिन्यांचे एकूण आकडे ते ठेवतील, ठेवू देत, अर्ध्या तासाचे पुसायला सांगा. आणि आधीची संमती कोणत्या तारखेपासून मागे घेतली ते लेखी घ्या.

खिडकीपाशी:
तारखेची पोच घेतली आहे. दुसरं पत्र आज मालकांच्या सहीने दिलं, खाली माझीही सही केली. उत्तर आलं की इथेच टाकतो.