मदत हवी आहे : शास्त्रज्ञ नील्स बोरचं अणूबद्दलचं म्हणणं नववीतल्या मुलीला कसं पटवू?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. भाची इंग्रजी माध्यमात नववीला. कॉलनीच्या गणपतीत मुलांचं प्रदर्शन असतं, त्यात तिने अणूची मॉडेलं घेतलीत. बोलायचं मराठीत, म्हणून काम मावशीच्या गळ्यात.

शास्त्रज्ञ थॉमसनच्या मॉडेलपर्यंत मजेत गेलो. त्याला पुडिंगची उपमा देतात, ते आमच्यात कुणी खाल्लेलं नाही, म्हणून प्रसादाचा शिरा केला: शिरा धनप्रभार, बेदाणे इलेक्ट्रॉन. पुढच्या, रदरफर्डच्या मॉडेलसाठी पाटाखाली वाटी (म्हणजे अणूच्या मधलं केंद्रक) लपवून गोट्या सोडतो. बहुतेक सरळ निघून जातात, एखादी वाटीला थडकून मागे येते. वाटी फारच मोठी आहे, ते कळतं. सोन्याच्या अणूत केंद्रकाचा व्यास अणूच्या सुमारे २०,००० वा भाग. म्हणजे १० सेंमीच्या वाटीला २ किमीचा पाट हवा!

अडलं बोरपाशी. भाची म्हणाली, "इलेक्ट्रॉन फिरताना ऊर्जा घालवतो, मग केंद्रकात पडत का नाही?" मी वाचून दाखवलं: १९१३ साली बोरने मांडलं की ठरावीक कक्षांत ऊर्जा जातच नाही. तर म्हणे, "असं नुसतं म्हणून चालतं? मी पेपरात लिहिलं तर मार्क मिळतील?"

हायड्रोजनच्या प्रकाशात ठरावीक रंगांच्याच रेषा दिसतात; त्यांचं सूत्र बामरने १८८५ मध्येच बसवलं होतं, ते बोरच्या ठरावीक कक्षांच्या गणितातून आपसूक निघालं, एवढं मला माहीत आहे. पण पोरीला डोळ्यांनी दिसायला हवं. प्रकाशाचे रंग सुटे करून बघायला जुनी सीडी आणि फट पाडलेलं बुटाचं खोकं आहे. पिवळ्या बल्बचा सलग पट्टा दिसला, माळ्यावरच्या सीएफएलचे तुटक पट्टे. ते दाखवले तर चालेल का? यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या बघून झाल्यात.

प्रतिसाद : चालेल, पण सगळे पट्टे अणूच्या नावावर खपवू नका. सीएफएलमध्ये पाऱ्याची वाफ असते आणि काचेला आतून चमकणारा लेप. लाल पट्टा लेपातला, त्यातही युरोपियम या धातूचा. ४३६ नॅनोमीटरची निळी-जांभळी रेघ मात्र खुद्द पाऱ्याची, तीच दाखवा. आणि भाचीची शंका रास्त आहे. बोरने ते गृहीतच धरलं होतं. हायड्रोजनला जमलं, दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमलाच गाडी अडली. कक्षा मोडीत निघाल्या त्या १९२६ च्या श्रोडिंगरच्या समीकरणाने.

धागाकर्ती : आभार! निळी रेघ सापडली, पण फट रुंद आहे, फिसकटते. दोन ब्लेडं समोरासमोर चिकटवून बघते. हेलियमचं तिला आत्ताच सांगू की गणपती झाल्यावर?