लंडनची सिव्हिल सर्व्हिस परीक्षा खरंच सगळ्यांना खुली होती का?

भीमाकाठ:
परवा इथेच एकाने लिहिलं की 1853 च्या चार्टर कायद्याने (ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारासाठी ब्रिटिश संसदेने केलेल्या) वशिला संपला आणि हिंदुस्थानची सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे वरच्या सरकारी अधिकाऱ्यांची नोकरी, सगळ्यांना खुली झाली. मला अजिबात पटत नाही. 1855 पासून परीक्षा व्हायची ती फक्त लंडनला. पुण्याच्या पोराने बोटीचं भाडं, तिकडचं राहणं-खाणं, शिकवणी सगळं उभं करायचं, समुद्र ओलांडला म्हणून जातवाले वाळीत टाकतील ते वेगळंच, आणि एवढं करून नापास झाला तर? विषयांचे मार्क बघा, साहेबाच्या पोरांच्या ग्रीकला 750, लॅटिनला 750, आपल्या संस्कृतला 375. वर वयाची अट 23 वरून उतरवत 1878 ला 19 वर आणली.

जुनी पाटी:
आधी काय होतं ते पण बघा ना. कंपनीचे डायरेक्टर नावं सुचवायचे, ती पोरं इंग्लंडातल्या हेलीबरीच्या कंपनीच्याच कॉलेजातून थेट इकडे साहेब होऊन यायची. त्या वाटेने सत्येंद्रनाथ टागोर, ही परीक्षा पास झालेले पहिले हिंदुस्थानी, 1863 ला आत गेले असते का? 1869 ला चार हिंदुस्थानी पोरं पास झाली, त्यात आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांचं आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींचं नाव वयाच्या घोळावरून कापलं, कारण आपण सोळावं लागलं की सोळा म्हणतो आणि साहेब पूर्ण झाल्यावर. सुरेंद्रनाथ कोर्टात गेले, शेवटी दोघांनाही परत घ्यावं लागलं. नियम लेखी होता म्हणून भांडता आलं, डायरेक्टरच्या मर्जीविरुद्ध कोणत्या कोर्टात जाणार?

भीमाकाठ:
पण भांडावं लागलंच ना! दादाभाई नौरोजी मागत होते ते एवढंच, की तीच परीक्षा त्याच वेळी इथेही घ्या. 1893 ला ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात तसा ठराव पास झाला तरी सरकारने तो बासनात ठेवला, इथे परीक्षा व्हायला 1922 उजाडलं.

जुनी पाटी:
मग चूक लंडनची, परीक्षेची नाही. 1879 ला व्हाइसरॉय लिटनने इथल्या लोकांना परीक्षेशिवाय नेमायची सोय केलीच होती, घराणं बघून. ती कोणाला हवी होती?

उंबरठा:
तुम्ही दोघं पदवीधरांपाशीच थांबलात. जोतीराव फुल्यांनी 1882 ला हंटर कमिशनला, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगाला, लिहून दिलं की सरकारी तिजोरी भरते रयतेच्या कष्टावर आणि त्यातलं उच्च शिक्षण मिळतं वरच्या वर्गाला, म्हणून आधी प्राथमिक शाळा सक्तीच्या करा. परीक्षा मुंबईत घेतली असती तरी कुणब्याचं, महाराचं पोर त्या बाकावर बसलं असतं का? शाहू महाराजांनी 1902 ला कोल्हापूर दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या जातींना राखल्या, त्या म्हणूनच.